आप्पांचा न सापडलेला तीळ

आप्पांच्या डाव्या काखेत सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा आमच्याकडे अमळनेरला कापूस वेचणी चालू होती. दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एका डॉक्टरांनी 2 महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. (त्यावर आत्ता बोलत नाही.) शेवटी मुंबईत बायोप्सी झाली. मेलॅनोमा.

हा तर कातडीचा कॅन्सर, बहुतेक वेळा तिळासारख्या डागातून सुरू होणारा! आप्पा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मना आंगवर तीळबी नही." तरी शोध झालाच. केसांत भांग पाडून पाडून टाळू पाहिली. तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, तोंडात, गुदद्वारापाशीसुद्धा. डोळ्यांचा पडदा तपासला. पूर्वी एखादा डाग आपोआप फिका पडला का, तीळ जाळून घेतला होता का, हेही विचारलं. पेट-सीटी म्हणजे अंगभर कॅन्सर शोधणारं स्कॅन, मेंदूचा एमआरआय. मूळ सापडलंच नाही. 100 मेलॅनोमांत साधारण 3 असे निघतात म्हणे. मूळ डाग शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच पुसून टाकलेला असावा, असा अंदाज.

मला वाटलं, आता उपचार कशावर करणार? पण मुळासाठी अडून बसत नाहीत. गाठ फक्त काखेत, म्हणून तिसरी स्टेज. फुप्फुसात किंवा लिव्हरमध्ये असती तर चौथी. काखेतल्या गाठी काढल्या, गाठीत बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल आहे का ते तपासलं, मग वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं औषध. मूळ सापडलेल्यांना देतात तेच.

दर 6 आठवड्यांनी सलाईन लागायचं. थेंब पडत असताना आप्पांचा मला एकच प्रश्न, "आज कापूसना भाव काय शे?"