टेप इको आणि सोलापूरची धूळ

टेप इको म्हणजे वाजवलेला सूर फिरत्या टेपवर लिहून थोड्या उशिराने पुन्हा पुन्हा ऐकवणारं मशीन. गिटारवाल्यांना त्याचं वेड लागतं ते हे परत येणारे सूर, म्हणजे रिपीट, ऐकून. मला लागलं इनपुटच्या, म्हणजे आत किती जोराचा आवाज जाईल ते ठरवणाऱ्या, नॉबमुळे, आणि माझ्या मते या मशीनचा जीव तिथेच आहे.

आमच्या काकांकडे रोलँडचा आरई-२०१ आहे, सगळे ज्याला स्पेस इको म्हणतात तो. काका भद्रावती पेठेत राहतात. पूर्वी ते ऑर्केस्ट्राचा साउंड बघायचे: गणेशोत्सव, लग्नं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतले कार्यक्रम. त्यांच्या लेखी हे मशीन गायकाचं. गिटार त्यातून वाजवायची कल्पना त्यांना कधी सुचलीच नव्हती. मशीनवर दोन इनपुट माइकचे आणि एक वाद्याचा, त्यातला वाद्याचा कित्येक वर्षं रिकामाच राहिला. ‘इकोशिवाय गायक स्टेजवर उघडा पडतो गं,’ असं ते अजून म्हणतात. मी माझी स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटार) त्या तिसऱ्या जॅकला लावली.

आतलं काम डोळ्यांना दिसतं, हे मला फार आवडतं. झाकण काढलं की टेपचा लांब लूप घड्या घालत सैल पसरलेला असतो, त्याला रीळ नाही. टेपला टेकलेले छोटे चुंबकी भाग म्हणजे हेड. एक हेड जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं, पुढची तीन हेड ते वाचतात. कुठलं हेड चालू ठेवायचं आणि सोबत स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून काढलेला घुमारा) हवा की नको, हे बारा जागांच्या एका गोल नॉबवर ठरतं. उशीर किती होणार हे साधं गणित आहे: हेडमधलं अंतर भागिले टेपचा वेग. दोन इंच अंतर आणि सेकंदाला १५ इंच वेग असेल तर सुमारे १३३ मिलिसेकंद. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचे मालक सॅम फिलिप्स टेप रेकॉर्डरवर जो स्लॅपबॅक, म्हणजे एकच झटपट इको, काढायचे, त्यामागे हेच गणित. रे बट्स यांनी टेप थेट अँप्लिफायरच्या पेटीत बसवली आणि एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूर तो अँप्लिफायर घेऊन स्टेजवर गेला. मग लंडनमध्ये १९५८ साली वॉटकिन्सचा कॉपीकॅट हा टेप इको आला, अमेरिकेत एकोप्लेक्स आला. स्पेस इको १९७४ चा.

आता इनपुटबद्दल. आवाज वाढवत नेला की पीकचा, म्हणजे सिग्नल फार जोराचा झाल्याचा, दिवा लुकलुकायला लागतो. बहुतेक जण तिथे हात मागे घेतात. मी तिथूनच वाजवायला सुरुवात करते. टेपला झेपेल त्यापेक्षा थोडा जास्त सिग्नल गेला की तो एकदम फाटत नाही, दबतो. तार छेडायच्या पिकचा टोकदार ठोका बोथट होतो आणि सूर भरीव होऊन परत येतो. तो परत आलेला सूर पुन्हा टेपवर लिहिला जातो. प्रत्येक फेरीत वरची चकाकी उतरते, खालची गुरगुर ओसरते, मधला आवाज तेवढा उरतो. त्यामुळे मूळ सूर पुढे राहतो आणि रिपीट आपणहून मागे सरकतात. त्यात टेपच्या चालीतली बारीक लहर मिसळते. कोरी करकरीत डिजिटल पुनरावृत्ती मूळ सुराशी भांडते. ही भांडत नाही. एकोप्लेक्स ईपी-३ मधला नुसता प्रीअँप (सिग्नल आधी वाढवणारा भाग) आवडतो म्हणून इको बंद ठेवून त्यातून गिटार वाजवणारे लोक आहेत, आणि मला ते पूर्ण पटतं.

यमनमध्ये मी तार ओढून मींड घेते तेव्हा मात्र लांब उशीर नडतो. मागचा सूर अजून तीव्र मध्यमावर रेंगाळत असतो आणि हात पंचमावर पोचलेला असतो. म्हणून पहिलं एकच हेड, वेग जास्त, रिपीट दोन-तीन. मोकळ्या तारांच्या कॉर्डना तिसरं हेड छान, पण कॉर्ड सावकाश बदलायची.

तोटे सांगायचे तर सोलापूरपासूनच सुरुवात करावी लागेल. इथली धूळ टेपवर बसते, टेपची स्वतःची भुकटी हेडवर बसते, आणि वरचा आवाज गेला की आपल्याला वाटतं गिटारच्या तारा जुन्या झाल्या. कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून हेड पुसणं हा नेहमीचा उद्योग. हेडमधलं साठलेलं चुंबकत्व काढायला अधूनमधून डीमॅग्नेटायझर फिरवावा लागतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. टेप दाबून पुढे ओढणारा रबराचा पिंच रोलर तसाही वयाने कडक होतो, त्यात ही उष्णता. तो कडक झाला की टेपवरची पकड सुटते आणि लहरीची जागा घसरणं घेतं. काकांचं मशीन जपानमधलं, १०० व्होल्टचं. त्यामुळे व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोबत हवाच, आणि मांडवातल्या जनरेटरवर ते लावायची माझी हिंमत नाही. टेपचा हिस्स (सतत येणारी सुसू) असतो, लूपचा जोड हेडवरून जाताना कधी कधी ऐकू येतो. तबल्याच्या लयीत रिपीट बसवायचे तर पायाने टॅप करायची सोय नाही, नॉब फिरवत कानाने जुळवायचं. गाणं सुरू असताना वेग बदलला तर टेपवरचे सूर वरखाली घसरतात. रेकॉर्डिंगमध्ये ते मी मुद्दाम करते. स्टेजवर गायक दचकतो.

म्हणून हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असला की मी पेडल, म्हणजे पायाने चालवायची इको देणारी छोटी पेटी, नेते. बॉसचा आरई-२०२ किंवा स्ट्रायमनचा एल कॅपिस्टान ही पेडलं टेपचं दबणं आणि लहर दोन्ही मनापासून उतरवतात. श्रोत्यांना फरक कळणार नाही. मला बोटांखाली कळतो, पण कार्यक्रम बंद पडण्यापेक्षा ते बरं. मशीन काकांच्या खोलीतच राहतं, फोमच्या जाड तुकड्यावर, कारण शेजारचे माग सुरू झाले की फरशी थरथरते. रेकॉर्डिंग आम्ही माग बंद असतात त्या दिवशी करतो.

ज्यांना विकतच घ्यायचा आहे त्यांनी टेपची काळजी करू नये, ती बदलायचीच असते. हेड बघा. टेप घासून हेडवर खोल चर पडला असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. चांगली हेड मिळवणं सगळ्यात अवघड. मोटर एका वेगावर ठरते का ते एकच लांब सूर देऊन ऐका. तिन्ही हेड वेगवेगळी लावून त्यांचा आवाज सारखा येतो का पाहा. आणि सोलापुरात कुणाच्या घरी जुन्या ऑर्केस्ट्राच्या सामानात असं मशीन पडलेलं असेल, तर टेप तुटलीय म्हणून ते भंगारात घालू नका. हेड शाबूत असतील तर ते पुन्हा वाजू शकतं.