हजेरीपटावरचे सैनिक

आज मामांशी, ते निवृत्त सुभेदार, इराकच्या फौजेवर बोलणं झालं. जून २०१४ मध्ये तिथलं मोसुल शहर काही दिवसांत इसिस या दहशतवादी संघटनेच्या हाती पडलं. वर्ष संपायच्या आत पंतप्रधान हैदर अल-अबादींनी संसदेत सांगितलं, चार डिव्हिजनमध्ये, म्हणजे फौजेच्या मोठ्या तुकड्यांमध्ये, ५०,००० सैनिक नुसते कागदावर! पगार मात्र चालू, तो अधिकाऱ्यांच्या खिशात. मामा भडकले. "शेजारच्या खंदकात माणूस आहे म्हणून जवान टिकतो रे. तिथे कुणीच नाही?"

जी पोरं खरंच उभी होती, त्यांच्यासाठी जीव तुटतो. खोटी नावं कमी करता येतील, पण हुद्दाच पैसे मोजून घेतलेला अधिकारी ते वसूल कुठून करणार? पुन्हा हजेरीपटातूनच. निदान पगार तरी थेट जवानाच्या खात्यात जावा, असं मामांचं ठाम मत. माझंही.