कौलातून आलेलं ग्रहण

दुपारी जेवून जरा आडवं झालं की आमच्या पडद्याच्या झिजक्या भोकातून भिंतीवर कवडसा येऊन बसतो. भोक तिकोनी, कवडसा मात्र गोलसर. कारण तो सूर्याचं चित्र असतो. मला हे शाळेच्या आधी आजीच्या सोवळ्याने शिकवलं.

१६ फेब्रुवारी १९८०. खग्रासचा पट्टा कारवारवरून गेला, आम्ही रत्नागिरीकडचे, म्हणून आमच्या वाट्याला खंडग्रास, पण चांगलंच मोठं. आजीने दुधावर, लोणच्याच्या बरणीत तुळशीपत्रं टाकली, दारं-खिडक्या लावल्या, फटींत फडकी कोंबली आणि सगळी पोरं माजघरात बसवली. “वर बघायचं नाही हां!”

नाही बघितलं. पण कौलांना फडकी कोण कोंबणार? सारवलेल्या जमिनीवर रोजचेच पाच-सहा कवडसे पडले होते. ते एका बाजूने कुरतडल्यासारखे झाले आणि बघता बघता माजघरभर चंद्रकोरी. धाकट्याने एक मुठीत धरायला पाहिली, तर ती त्याच्या मनगटावर चढली. काकू घाबरली, “हे बाधतं का हो?” आजीने जपमाळ थांबवली, बराच वेळ जमिनीकडे पाहिलं. “जमिनीवरचं नाही बाधत.” हा निवाडा कुठल्या पंचांगातला, देव जाणे. खोली जितकी अंधारी केली, तितकं ग्रहण ठळक!

चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली आहे ते बरं. नाहीतर दर अमावास्येला आम्हाला कोंडलं असतं. त्याची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते दोन चव्हाटे म्हणजे राहू आणि केतू. बाकी योगायोगच: सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद आणि सुमारे ४०० पट लांबही, म्हणून झाकण बेताचं बसतं. मंगळाच्या फोबोस या चंद्राला ते जमत नाही; जेमतेम २२ किलोमीटरचा तो दगड सूर्यावरून नुसता सरकत जातो. आपला चंद्रही वर्षाला ३.८ सेंटीमीटर दूर चाललाय, म्हणजे कधीतरी खग्रास कायमचं बंद. असो, घाई नाही.

२ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांवर खग्रास आहे. आपल्या किनाऱ्यावर खंडग्रास, तेही भर पावसाळ्यात. शिवाय आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी. त्यात सोमवार. कोण काय पाळतंय बघू.