जॅझ तळापासून ऐकावा

जॅझच्या शैलींवर काही वाचायला घ्या, नावं येतात ती ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाल्यांची. मी तबल्यावर साथ करतो, त्यामुळे माझा कान आधी ठेक्याकडे जातो. आणि माझं ठाम मत आहे की न्यू ऑर्लिन्स, स्विंग, बीबॉप हे टप्पे समजून घ्यायचे तर लय कुणाच्या हातात आहे ते ऐकत जावं.

न्यू ऑर्लिन्स शैलीसाठी किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडची 1923 ची रेकॉर्डिंग्ज घ्या. पुढे ट्रम्पेटवर गाजलेल्या लुई आर्मस्ट्राँगची अगदी सुरुवातीची. तेव्हा माइक नव्हता, मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. बास ड्रमच्या दणक्यानं रेकॉर्ड कोरणारी सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्ससारख्या ड्रमरला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. त्या काळचा ठेका आपल्याला कोरडा, टकटक ऐकू येतो तो यामुळे. 1925 पासून विजेवर रेकॉर्डिंग होऊ लागलं आणि तळाचा आवाज नीट पकडता यायला लागला. पुढे ट्यूबा मागे पडून डबल बास सगळीकडे आला.

माझा जीव अडकलाय तो पियानोवाल्या काउंट बेसीच्या कॅन्सस सिटीच्या स्विंग बँडमध्ये. जुलै 1937 चं 'वन ओ'क्लॉक जम्प' ऐका. बारा बारांचा ब्लूज, एका बारात चार मात्रा, म्हणजे आपल्या हिशेबानं 48 मात्रांचं आवर्तन. सोलो वाजवणारे बदलत राहतात, पण तुम्ही वॉल्टर पेजचा बास धरून ठेवा. पूर्वी वजन पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडायचं. पेज चारही मात्रांना एकेक सूर देत चालत राहतो, कुठे धक्का नाही की घाई नाही. त्याच चार मात्रांवर फ्रेडी ग्रीनची गिटार. अँप्लिफायर नाही, सोलो जवळजवळ नाहीच. ती वेगळी अशी ऐकू येत नाही, पण काढून टाकली तर बासचा काठच जाईल. हा माणूस 1937 मध्ये बँडमध्ये आला आणि मधला थोडा काळ सोडला तर 1987 मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिला. 50 वर्षं साथ! आणि ड्रमर जो जोन्सनं ठेका बास ड्रमवरून उचलून हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, नेला, त्यामुळे मात्रा आपटत नाही, घरंगळत येते. खाली एवढी भक्कम बैठक मिळाल्यावर बेसीच्या डाव्या हातावरचं ओझंच उतरलं. दोन सूर टाकायचे आणि थांबायचं, हे त्याचं वाजवणं या तिघांच्या जिवावर उभं आहे.

पुढचा बदल ड्रमर केनी क्लार्कचा. टेडी हिलच्या बँडमध्ये लय इतकी चढी असायची की बास ड्रमवर पाय चालवून तो थकायचा. मग त्यानं लय राइड सिम्बलवर, म्हणजे काठीनं वाजवायच्या मोठ्या झांजेवर, नेली आणि मोकळ्या झालेल्या पायानं अनपेक्षित जागी ठोके द्यायला सुरुवात केली. हिलनं त्याला काढून टाकलं. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबची व्यवस्था त्याच हिलकडे आली, तेव्हा त्यानं क्लार्कलाच बोलावून घेतलं. तिथेच थेलोनियस मंक पियानोवर होता, आणि बीबॉप, म्हणजे छोट्या बँडचा वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ, उभा राहिला तो अशा बैठकींतून. नाचणाऱ्यांना ते पेलेना हे खरं, पण सगळा दोष संगीताचा नाही. 1944 मध्ये अमेरिकन सरकारनं नाच-गाण्याच्या ठिकाणांवर 30 टक्के कर बसवला (काही महिन्यांत तो 20 वर आणला), आणि छोटा, बसून ऐकायचा बँड मालकांना परवडू लागला.

बासवादक स्कॉट लाफारोपर्यंत बासनं चालणंही सोडलं. तो ज्यात वाजवायचा त्या पियानोवादक बिल इव्हान्सच्या ट्रायोचं 25 जून 1961 चं व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमधलं रेकॉर्डिंग ऐका. पियानो एक वाक्य टाकतो, बास वरच्या पट्टीत त्याला उत्तर देतो, ड्रमर पॉल मोशन ब्रशनं नुसती सूचना देतो. लय कोणीच वाजवत नाही आणि ती सुटतही नाही. अकरा दिवसांनी लाफारो अपघातात गेला, वय 25.

नव्यानं ऐकणाऱ्याच्या हाती मी हे रेकॉर्डिंग आधी देत नाही. आधी बेसी, तोही हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर पेजचा बास पोहोचतच नाही.