तक्रार: ऐकू येत नाही

आमच्या उपविभागाच्या तक्रार वहीत वर्षभर तेच तेच असतं. वीज नाही, व्होल्टेज कमी, बिल जास्त. त्या डिसेंबरात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलेली तक्रार मात्र यांतल्या कशातच बसेना. "वीजपुरवठा सुरळीत आहे. परंतु ७ मेगाहर्ट्झवर काहीही ऐकू येत नाही. कृपया लाइन तपासावी." खाली सही आणि सहीखाली व्हीयू२ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं सरकारी ओळखचिन्ह. लाइनमनने ती मोठ्याने वाचली आणि ऑफिसात हशा पिकला. 'पुरवठा सुरळीत' असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं, पण त्याच गावात मीटर तपासणी होती म्हणून मी डोकावलो.

गच्चीवर छोटी खोली. आंब्याच्या शेंड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एकूण २० मीटर तांब्याची तार, मधोमध तोडून केबल खाली आणलेली. ७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ४२ मीटरची, तिच्या निम्मी तार म्हणजे अँटेना. टेबलावरचा सेट सरांनी स्वतः जोडलेला होता, हैदराबादच्या अशर फरहान यांच्या 'बिटेक्स' आराखड्यावरून. या आराखड्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर वापरता येतात, हे सरांनी मला तक्रारीआधी सांगितलं. हॅम, म्हणजे अशा हौशी रेडिओवाल्या माणसाला भेटलात तर आधी सेट बघावा लागतो, काम नंतर.

मग त्यांनी बटण फिरवलं. खर्रर्र असा एकसुरी आवाज, आणि त्याच्या तळाशी कुणीतरी बोलत असल्याचा नुसता भास. पिठाच्या गिरणीत उभं राहून कुजबुज ऐकावी तसं.

"शंभर हर्ट्झ," सर म्हणाले. "साहेब, तुमची वीज पन्नासची. प्रत्येक सायकलला दोन शिखरं, दोन्ही शिखरांवर कुठेतरी ठिणगी पडतेय. माझ्या घरातली नाही. मेन स्विच बंद करून बॅटरीवर ऐकलंय."

असा दावा कुणीही करेल. माझं तोंड बंद केलं ते त्यांच्या लॉगबुकाने. कुणाशी, कधी, किती फ्रिक्वेन्सीवर बोललो याची नोंद हॅमला ठेवावीच लागते. सरांनी लायसन्स मिळाल्यापासूनच्या, म्हणजे सत्तरच्या दशकापासूनच्या वह्या जपल्या होत्या. नोव्हेंबरपासून त्यात एक जादा रकाना आखला होता: खरखर किती, वारा कसा, हवा कशी. कोरड्या दुपारी जोरात. वारा सुटला की तुटक तुटक. मध्ये एकदा अवकाळी सर येऊन गेली, ती रात्र पूर्ण शांत. आणि काही ठिकाणी नुसतंच 'बंद', पाऊस नाही, वारा नाही, तरी बंद.

त्या 'बंद'च्या वेळा मी उतरवून घेतल्या. वहीतली वेळ यूटीसीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेतली होती, जगभरचे हॅम तीच लिहितात. साडेपाच तास मिळवायचे, असं सरांनी बजावलं. संध्याकाळी उपकेंद्रात जाऊन ऑपरेटरचं लॉगशीट उघडलं. सरांच्या घराला वीज देणारा फीडर त्या वेळांना चालूच होता. पण शेजारचा ११ केव्हीचा शेतीपंपांचा फीडर? प्रत्येक वेळी बंद. एकदा देखभालीसाठी, बाकी वेळी शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणे. दोन वह्या, लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही, आणि मिनिटं जुळत होती. नोकरीत मी बरीच लॉगशीट पाहिलीत, पण एखादं इतक्या उत्सुकतेने वाचल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना जीपमध्ये घेतलं. त्यांच्याकडे सुताराच्या स्टीलच्या टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपावर बसवून केलेली तीन काड्यांची, रोखाल त्या दिशेचं जोरात ऐकणारी यागी अँटेना होती आणि एएमवर ऐकणारा छोटा रिसीव्हर. एफएम कामाचं नाही, ते असली खरखर दाबून टाकतं. लाइनमन म्हणाला, "साहेब, फीडर ट्रिप न्हाई, कुणाची वरड न्हाई. झ्याक चाललेल्या लाइनला उगा कशाला हात लावायचा?" त्याचं म्हणणं आमच्या खात्याच्या रीतीला धरूनच होतं.

गंमत अशी, की कमी फ्रिक्वेन्सीवर ही खरखर तारांवरून मैलोन् मैल पळते. साध्या मीडियम वेव्हच्या ट्रान्झिस्टरवर सगळेच खांब गुन्हेगार वाटतात. जसजशी फ्रिक्वेन्सी वर न्यावी तसतसा उगमापासून दूर ती लवकर मरते. म्हणून सर आधी ट्रान्झिस्टरवर लाइन ठरवत, मग १४५ मेगाहर्ट्झवर जाऊन यागी इकडून तिकडे फिरवत. उसाच्या फडांमधून, ओढ्याच्या कडेने चालता चालता एका खांबापाशी अँटेना कुठेही वळवली तरी आवाज भरून येऊ लागला. मग त्यांनी ती वर, क्रॉस आर्मकडे, म्हणजे तारा पेलणाऱ्या आडव्या दांड्याकडे रोखली. परदेशात काही हॅम खांबावर हातोडा मारून आवाज बदलतो का पाहतात म्हणे. सरांनी पिशवीतून लाकडी हातोडा काढलासुद्धा. तो मी काढून घेतला. ११ केव्हीच्या चालू लाइनखाली खांब हलवायचा नसतो, मग हातात कितीही जुनं लायसन्स असो.

खालून सगळं ठीक दिसत होतं. परमिट घेतलं, एबी स्विच उघडून लाइन बंद केली, उरलीसुरली वीज जमिनीत जावी म्हणून डिस्चार्ज रॉड टाकला, लाइनमन चढला. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग वरून हाक आली, "साहेब, बाइंडिंग पार सैल हाय. आन् कंडक्टर खाल्लाय."

पिन इन्सुलेटरवर तार बांधून ठेवणारी बाइंडिंग वायर ढिली झाली होती. वाऱ्याने तार घासत होती, त्या फटीत ठिणग्या उडत होत्या, पाऊस पडला की फट ओली होऊन गप्प बसत होती. आमचा कंडक्टर म्हणजे मधे पोलाद आणि भोवती ॲल्युमिनियमच्या सहा तारा. त्यातल्या दोन तुटलेल्या, तिसरी काळवंडलेली. खाली तोडणीला आलेला ऊस, आणि फडातून टोळीच्या बैलगाड्यांची चाकोरी गेलेली. तार उसात पडली असती तर काय झालं असतं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तुकडा बदलून, नवं बाइंडिंग करून लाइन चालू व्हायला दुपार कलली. संध्याकाळी सरांनी घरी बोलावलं. सेटवर आता नुसता समुद्रासारखा मंद आवाज होता आणि त्यातून मोर्सचे ठिपके स्वच्छ टपटपत होते. सर हातातला चहा न ठेवता म्हणाले, "जपान." त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. समजलं काहीच नाही, पण मी उठलोही नाही. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. डिसेंबर २००४ मधली नोंद दाखवली, पोर्ट ब्लेअरहून बोलणाऱ्या व्हीयू४आरबीआयशी झालेला संपर्क. हे कॉलसाइन भारती प्रसाद यांचं. त्या आणि त्यांचे सहकारी अंदमानातून जगभरच्या हॅमना संपर्क द्यायला गेले होते, निव्वळ छंदापायी. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि फोन बंद पडल्यावर त्याच सेटांवरून माणसं जिवंत असल्याचे निरोप बाहेर गेले.

लायसन्सचं मी त्याच आठवड्यात मनावर घेतलं. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं कुणीही बसू शकतं. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. पहिला भाग मला सोपा गेला, नियमांसाठी सरांनी शाळेसारखं पाठांतर करून घेतलं. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, ५० वॉटपर्यंत परवानगी मिळते. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले, "वॉकीटॉकीवर बोलायचंय तर मोबाइल हाय की," म्हणाले आणि जाताना मुलासाठी परीक्षेची माहिती लिहून घेऊन गेले. व्हीयू३चं कॉलसाइन हातात आलं त्या दिवसापासून सर मला 'अहो साहेब' वरून 'अरे' म्हणू लागले.

जनरल श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स लागतो. सरांच्या वेळी पहिल्या श्रेणीला १२ लागायचे, हे ते दर भेटीत ऐकवतात. तेही झालं. मोर्स पाठ करताना ठिपके मोजायचे नसतात, अक्षराचा ठेका कानात बसवायचा असतो, हे मला जीपच्या प्रवासात उमगलं. लाइनमनलाही आता 'सीक्यू', म्हणजे 'कुणी आहे का' अशी हॅमची हाक, ओळखू येतो. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीला टेपची अँटेना आम्ही बरोबर नेतो. दर वेळी काही सापडतंच असं नाही, पण तिला आता कुणी हसत नाही.

आमचा सध्याचा वाद एफटी८वरून आहे. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जो टेलर आणि स्टीव्हन फ्रँकी यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत १५-१५ सेकंदांच्या टप्प्यांत संदेश पाठवते आणि कानाला मुळीच न कळणारा, खरखरीखाली गाडलेला सिग्नलही संगणकाला वाचता येतो. सर म्हणतात, संगणकाने संगणकाशी बोलायचं तर आपण कशाला जागायचं? परवा मात्र रात्री फोन आला. "तुझा लॅपटॉप घेऊन ये. माझी तार ब्राझीलपर्यंत पोचते का बघायचंय. फक्त बघायचंय."