रेशेन ते मेरान: आदिजेच्या काठाने, गाड्यांपासून लांब

इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून फिंशगाऊ नावाचं खोरं आहे. इटालियन मंडळी त्याला वाल व्हेनोस्टा म्हणतात. सुमारे १५०० मीटर उंचीवरच्या रेशेन खिंडीपाशी आदिजे नदी उगम पावते आणि या खोऱ्यातून उतरत ३२५ मीटरवरच्या मेरानला येते. तिच्या सोबतीने सुमारे ८० किलोमीटरचा सायकलरस्ता आहे. मोटारींचा हमरस्ता त्याच खोऱ्यातून जातो, पण बहुतेक वेळ तो दिसतही नाही. आल्प्समध्ये रोडबाइक चालवायची म्हणजे मोटारसायकलींच्या गोंगाटात घाट चढायचे, असं वाटून जे मागे राहतात त्यांच्यासाठी मी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

आम्ही तिघं होतो: म्युनिकला राहणारे आम्ही नवरा-बायको आणि पुण्याहून आलेले काका. महिना सप्टेंबर. म्युनिकहून रेल्वेने इन्सब्रुकमार्गे लांडेकला येता येतं आणि तिथून पुढे खिंडीकडे बस जाते. बसमध्ये सायकलींना जागा मोजकीच असते, त्यामुळे आधी विचारून घ्या. आम्ही मुक्काम माल्स गावात ठेवला आणि सकाळी सायकली घेऊन जाणाऱ्या गाडीने वर रेशेनला गेलो. काकांनी स्टेशनजवळच्या दुकानातून सायकल भाड्याने घेतली. खोऱ्यात अशी दुकानं बरीच आहेत आणि घेतलेली सायकल दुसऱ्या गावातल्या शाखेत परत देता येते. परतीची चिंता मिटते, हा याचा मोठा फायदा.

दिशा मात्र हीच ठेवा, वरून खाली. सुमारे १२०० मीटरचा उतार हाताशी असताना उलटं चढत येण्याचा हट्ट ज्यांना सराव करायचा आहे त्यांनी करावा. पहिल्यांदा येणाऱ्याने खोरं बघत यावं.

सुरुवात रेशेनच्या तलावापासून होते. धरणाच्या पाण्याखाली १९५० मध्ये जुनं ग्राउन गाव गेलं. घरं पाडली, माणसं हलवली, आणि चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा तेवढा राहिला. आज तो काठाजवळच पाण्यात उभा आहे. काका बराच वेळ तिथे थांबले. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ त्यांनी उन्हाळ्यात उघडं पडलेलं पाहिलं आहे. "अगं, इथले लोक कुठे गेले मग?" एवढंच त्यांनी विचारलं. काही जण वर वसवलेल्या नव्या ग्राउनमध्ये राहिले, बरेच जण खोरं सोडून गेले. मनोऱ्यापाशी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, पण जवळच्या फलकांवर विस्थापनाची हकिगत लिहिली आहे. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मनोरा पूर्वेच्या काठाला, मोटाररस्त्यालगत आहे. पश्चिमेचा काठ शांत आहे, तिथे थोडे चढउतार लागतात. तलावाला पूर्ण फेरी घातली तर सुमारे १५ किलोमीटर होतात. दुपारी या पाण्यावर पतंग लावून फळीवर घसरणारे खेळाडू येतात, यावरून वाऱ्याचा अंदाज करा. सकाळी लवकर निघालात तर तलाव निवांत मिळतो.

तलावाच्या खालच्या झांक्ट फालेंटीन गावानंतर बुर्गाइस गावापर्यंतचा उतार तीव्र आहे. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, आणि समोरून चालणारे लोक, लहान मुलं, ई-बाइकवरचे आजी-आजोबा येत असतात. निघण्यापूर्वी ब्रेक तपासा. भाड्याच्या सायकलीचे तर दुकानातच दाबून बघा. उजव्या हाताला डोंगरउतारावर मारीनबेर्ग मठाच्या पांढऱ्या भिंती दिसतात.

टायरबद्दल नेहमी विचारलं जातं. रस्ता बहुतांशी डांबरी आहे, पण मध्येमध्ये दाबलेल्या बारीक खडीचे तुकडे येतात. २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असलेली रोडबाइक निभावून नेते. २३ मिलिमीटरच्या टणक टायरवर मजा जाईल. दोन ट्यूब आणि पंप सोबत हवाच.

माल्सच्या खाली ग्लुर्न्स येतं. जेमतेम हजारभर वस्तीचं हे गाव अजून पूर्ण तटबंदीत आहे. १४९९ च्या काल्व्हेनच्या लढाईनंतर ते जाळलं गेलं आणि सोळाव्या शतकात नव्याने तट बांधला. वेशीतून आत शिरून कमानींखाली बसायला पंधरा मिनिटं काढा. न्याहारी इथेच करावी. या खोऱ्याची राय (rye) या धान्याच्या पिठाची जोडभाकरी मिळते, फिंशगर पार्ल नावाची. त्यात निळ्या मेथीच्या जातीची वाळवलेली पानं असतात, आणि पहिल्या घासाला येणारा तो वास आपल्या स्वयंपाकघराच्या इतका जवळचा आहे की काकांनी आणखी दोन बांधून घेतल्या. शाकाहारी असाल तर श्लुट्सक्राप्फेन, म्हणजे पालक भरलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या, बहुतेक खानावळींत असतात. क्न्योडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, मागवताना चीजचे किंवा पालकाचे हवेत असं स्पष्ट सांगा, कारण साधे म्हणून येतात त्यात श्पेक, म्हणजे डुकराचं मांस असू शकतं. दुपारी दुकानं बंद होतात आणि रविवारी गावातलं वाणसामानाचं दुकान उघडं मिळेलच असं नाही.

पुढे प्राड. इथून स्टेल्व्हिओचा घाट सुरू होतो: ४८ वळणं, वर २७५७ मीटर. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ मध्ये हा रस्ता बांधला. १९५३ मध्ये जिरो ही इटलीची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा इथून गेली आणि इटलीच्या फाउस्टो कॉप्पीने स्वित्झर्लंडच्या ह्यूगो कोब्लेटला याच चढावर मागे टाकलं. एरवी उन्हाळ्यात घाटात मोटारसायकली भरलेल्या असतात. वर्षातून एक दिवस, ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, हा रस्ता मोटारींना बंद करून सायकलवाल्यांसाठी मोकळा ठेवतात. घाट चढायची इच्छा असेल तर सहलीच्या तारखा त्या दिवसाभोवती बेता. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून घाट केला. वर जाताना रस्ता जवळपास रिकामा मिळाला, उतरताना मात्र वाहनांची रांग होती. हवा बदलायला वेळ लागत नाही, म्हणून उतरण्यासाठी जाड हातमोजे आणि वाऱ्याचं जाकीट न्यायलाच हवं.

प्राडनंतर खोरं रुंदावतं आणि सफरचंदांच्या बागा सुरू होतात. हा माझ्या मते या रस्त्याचा खरा गाभा. हे खोरं ज्यात येतं त्या दक्षिण टिरोल प्रांतात युरोपियन युनियनमधल्या सफरचंदांपैकी सुमारे दहावा हिस्सा पिकतो. फिंशगाऊ हे आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या खोऱ्यांपैकी एक. त्यामुळे इथल्या लोकांनी शतकानुशतकं डोंगरउतारावरून पाट काढून पाणी आणलं. त्यांना व्हाल म्हणतात आणि त्यांच्या काठच्या पायवाटा आजही चालत्या आहेत. एप्रिलमध्ये फुलोऱ्यावर थंडीची रात्र आली तर शेतकरी झाडांवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं आणि बर्फाच्या कवचात फूल वाचतं.

पण बागा आल्या तशी फवारणीही आली. माल्सच्या रहिवाशांनी २०१४ मध्ये मतदान करून रासायनिक कीटकनाशकांवर बंदी मागितली. सुमारे तीन चतुर्थांश मतं बंदीच्या बाजूने पडली. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं आणि बंदी टिकली नाही. मला या गावाचं मनापासून कौतुक वाटतं. सायकलने या बागांमधून जाताना दोन्ही बाजू दिसतात: फळांनी लगडलेल्या रांगा आणि त्यांच्या अगदी शेजारी लोकांची घरं.

रस्त्याचे कित्येक तुकडे मुळात शेतरस्ते आहेत. मोटारींना बंदी असली तरी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला नाही, आणि तोडणीच्या दिवसांत पेट्या लादलेले ट्रॅक्टर सतत येतात. बाजूला होऊन थांबा, त्यांना आधी जाऊ द्या. ते कामावर आहेत. जोरात सायकल पळवायची तर इथे येऊ नका. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी तर वेग धरणं धोक्याचंच. आणि फळ तोडू नका. बागांच्या कडेला शेतकरी फळं, रस मांडून ठेवतात, पैसे डब्यात टाकायचे असतात. सुटी नाणी जवळ असू द्या.

लास गावात पांढऱ्या संगमरवराच्या लाद्या स्टेशनजवळ रचलेल्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या स्मशानभूमींतले क्रूस याच दगडाचे. श्लांडर्स, लाच, कास्टेलबेलचा किल्ला, नाटुर्न्स हे सगळं भराभर मागे पडतं. राबलांडला रोमन काळातला मैलाचा दगड सापडला होता. इसवी सन ४६ च्या सुमारास सम्राट क्लॉडियसच्या काळात पुरा झालेला व्हिया क्लॉडिया ऑगस्टा रस्ता याच खोऱ्यातून जात असे. ट्योलच्या बंधाऱ्यानंतर आल्गुंडकडे शेवटचा वळणावळणांचा उतार आहे. दमलेल्या हातांनी तो उतरायचा असतो, तेव्हा त्याआधी पाच मिनिटं थांबा.

परतीसाठी मेरान ते माल्स रेल्वे आहे. १९०६ साली सुरू झालेली ही लाइन १९९० मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा धावू लागली. मार्गाच्या कामांमुळे कधी कधी गाड्यांऐवजी बस सोडतात आणि मग सायकलीचा प्रश्न येतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बघाच. अनेक हॉटेलं पाहुण्यांना सार्वजनिक वाहतुकीचा पास देतात. त्यात सायकलीचं तिकीट सहसा धरलेलं नसतं, ते वेगळं काढावं लागतं. गावांची जर्मन आणि इटालियन अशी दोन्ही नावं टिपून ठेवा: माल्स-माल्लेस, लास-लाझा, श्लांडर्स-सिलांद्रो, मेरान-मेरानो. ऐन वेळी फलाटावर गोंधळ होत नाही. पाण्याच्या बाटल्या गावच्या झऱ्यांवर भरता येतात, फक्त 'नोन पोताबिले', म्हणजे पिण्यायोग्य नाही, असं लिहिलेलं पाणी पिऊ नका.

ज्यांच्याकडे आणखी दिवस आहे त्यांनी मेरानहून नदीकाठाने सुमारे ३० किलोमीटर सपाट अंतर कापून बोल्झानोला जावं. तिथल्या संग्रहालयात १९९१ मध्ये श्नाल्स खोऱ्याच्या माथ्यावर सापडलेला ५००० वर्षांहून जुना हिममानव ओट्झी ठेवला आहे. त्याची तिकिटं आधी काढा. आणि तिथून ट्रेंटोकडे निघालात तर पहाटेच निघा. दुपारनंतर गार्डा सरोवराकडून ओरा नावाचा वारा खोऱ्यात शिरतो आणि ट्रेंटो जवळ येईल तसा तो थेट तोंडावर लागतो.