फुप्फुसाचा आजार, लघवीचा नमुना

ऑक्टोबर उजाडला होता आणि पावसाळाभर बंद असलेली किनाऱ्यावरची हॉटेले एकेक करून उघडू लागली होती. पेडण्याकडचा ५२ वर्षांचा एक प्लंबर तीन दिवसांच्या तापाने आमच्याकडे दाखल झाला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसत होता. नेहमीचा न्यूमोनिया समजून मी केवळ सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक सुरू केले. दोन दिवसांनीही ताप १०३ अंशांखाली उतरेना, जुलाब सुरू झाले, रक्तातील सोडियम १२४ वर घसरले आणि माणूस बरळू लागला. खोकला कोरडा, त्यामुळे तपासायला बेडका मिळत नव्हता.

कामाबद्दल मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. त्याच्या पत्नीने सांगितले की, ताप येण्याच्या आठवडाभर आधी तो चार महिने बंद असलेल्या खोल्यांचे शॉवर सुरू करून नळ साफ करत होता. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तुषारांतून श्वासावाटे आत जातो. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर पसरलेल्या साथीतून तो प्रथम ओळखला गेला.

मी लघवीचा नमुना मागितला, तेव्हा त्या बाईंनी विचारले, "डॉक्टर, दुखणे छातीचे आणि लघवी कशाला?" प्रश्न रास्त होता. जिवाणूच्या आवरणाचे अंश रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांतून गाळले जाऊन लघवीत येतात. पट्टीवर ते पंधरा मिनिटांत दिसतात. पण ही तपासणी मुख्यतः एकाच उपप्रकाराला, सेरोग्रुप १ ला, ओळखते, त्यामुळे ती नकारात्मक आली असती तरी मी निर्धास्त झाले नसते. हा जिवाणू पेशींच्या आत दडतो, तेथे सेफ्ट्रिॲक्सोनचे काही चालत नाही. म्हणून निकालाआधीच पेशींच्या आत पोहोचणारे ॲझिथ्रोमायसिन सुरू केले. लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरे औषधही यावर चालते, पण क्षयाची शंका पुरती मिटलेली नव्हती आणि त्याने क्षय काही काळ झाकला जातो, म्हणून ते टाळले.

नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी आला: सकारात्मक. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही, हे कळल्यावर त्या बाईंनी मुलांना भेटायला बोलावले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तो शुद्धीवर आला. आजाराचे कारण ऐकताच त्याने फोन मागितला आणि हॉटेलातल्या सोबत्याला सांगितले, "त्या खोल्या अजून कुणाला देऊ नका."